रुमालाखालचं अंडं

नथ्थू आबांच्या डाव्या नाकपुडीला एक बारीक भोक आहे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर आईने नाक टोचून नथ घातली आणि नावही तेच ठेवून दिलं. नथ केव्हाच गेली, भोक तेवढं राहिलं. नातवाला, म्हणजे योगराजला, आबांचं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ते हे भोक. आबा पेपर वाचत बसले की तो पेन्सिलीला टोक काढून येतो आणि ती आत जाते का ते बघतो. आबा अशा वेळी मान हलवत नाहीत. पोराचं काम मध्येच बिघडू नये, एवढीच त्यांची काळजी.

आबांचा जन्म गेला रावेरला, केळीत. आता ते जळगावात पिंप्राळ्याला मुलाकडे राहतात, पण केळी डोक्यातून गेलेली नाही. जगातलं जे काही त्यांना कळतं ते केळीवरून कळतं. नळ गळला की ते केळीच्या वाळक्या सालीची दोरी गुंडाळतात. प्लंबर आलाच तर त्याच्याकडे घडाकडे बघावं तसं वरून खाली बघतात आणि "अजून कच्चा हाये" असं सांगून मोकळे होतात. मुलगा भूपेंद्र पाइपच्या कंपनीत, सून मोनाली पतसंस्थेत. दोघं सकाळी स्कूटरवर निघून गेले की घरात उरतात आबा, त्यांच्या कुंदाबाई आणि शाळा सुटल्यावर योगराज. घर कुंदाबाईंचं आहे. आबा तिथे राहतात, एवढंच.

योगराज हे नाव भारदस्त, पण पोरगा पाच वर्षांचा आणि मुठीएवढा. नावाच्या मापाचा व्हायला त्याला अजून बराच वेळ आहे. त्याचं दुखणं सुरू झालं ते शाळेच्या फॅन्सी ड्रेसपासून, आणि त्याला कारण आबाच. बाकीची मुलं सैनिक झाली, पोलीस झाली, एक तर भाजीवाली झाली. आबांनी नातवाला केळीचा घड केलं. कागदाची केळी लावायची असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. रावेरहून खरा पिकला घड आणून त्याच्या फण्या त्यांनी पोराच्या अंगावर पुढून-मागून बांधल्या. योगराज स्टेजपर्यंत चालत पोचला हेच खूप झालं. "मी केळी आहे, मला खा," असं त्याचं वाक्य होतं. ते त्याने म्हटलं आणि अख्ख्या बालवर्गाने मनावर घेतलं. मुलं भराभर स्टेजवर चढली आणि उभ्या उभ्या त्याला खाऊन गेली. घरी आला तेव्हा अंगावर दोरी होती आणि कानामागे एक साल. दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव केळ्या पडलं.

तेव्हापासून रोज सकाळी योगराजचं पोट दुखायचं. पायात मोजे घालायची वेळ आली की दुखायचं, रविवारी मात्र ठणठणीत. मोनाली ओवा द्यायची, कुंदाबाई बेंबीला हिंग लावायच्या. पोट कशाने दुखतं ते आबांना मात्र माहीत होतं, कारण पोराने ते त्यांनाच सांगितलं होतं, पेन्सिल नाकाच्या भोकाशी धरून. "सगळे हसतात मला," एवढंच तो म्हणाला होता. आबांना फार वाईट वाटलं. हौस आपली आणि रडणं पोराच्या वाट्याला, हे त्यांना पेपर वाचताना, जेवताना, देवापुढे बसतानासुद्धा टोचत राहायचं.

मार्च संपता संपता मोनालीच्या मोबाइलवर शाळेचा मेसेज आला. ईस्टर येतोय, तेव्हा शनिवारी प्रत्येक मुलाने एक सजवलेलं अंडं आणायचं, आणि बरोबर आजी-आजोबांनाही घेऊन यायचं. मोनालीने ऑनलाइन प्लास्टिकचं अंडं शोधलं. ते सोमवारी येणार होतं. थर्माकोलचं करू म्हणाली तर योगराजने मान हलवली.

"मिस म्हणाल्या खरं पाहिजे. चांगलं असेल ते टेबलावर मध्ये ठेवणार आहेत." मग तो आबांकडे वळला. "आबा, माझं तुम्ही करा. सगळ्यात चांगलं करा. म्हणजे हसणार नाहीत."

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. उभ्या जन्मात त्यांनी अंड्याला हात लावलेला नाही. भूपेंद्र अधूनमधून गाडीवर बुर्जी खाऊन येतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे हे भूपेंद्रलाही ठाऊक आहे, पण दोघं त्या विषयावर बोलत नाहीत. कुंदाबाईंचं काम त्याहून कडक. मेसेज पुरता वाचून व्हायच्या आतच त्यांनी निकाल दिला.

"माह्या घरात अंडं आलं तं मी पाचोऱ्याले चालली जाईन."

पाचोऱ्याला त्यांची धाकटी बहीण कोकिळा असते. राग आला की कुंदाबाई पाचोऱ्याला निघतात. त्यासाठी एक कापडी पिशवी कायम भरून दारामागे टांगलेली असते. तिच्यात दोन पातळं, चष्म्याची डबी आणि कोकिळासाठी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पुडकं. पिशवी आजवर कैक वेळा फाटकापर्यंत गेलेली आहे, त्यापुढे नाही. पण अंड्याचं निमित्त झालं तर या खेपेला ती खरोखर गाडीत बसेल, असं आबांना वाटलं.

"अंडं कायले?" आबा म्हणाले. "आपन बटाटा रंगवू."

कुंदाबाईंचं समाधान झालं. योगराजचा चेहरा पडला. आबांनी त्याच्याकडे बघून डोळा मिचकावला, आणि त्यांना डोळा मिचकावता येत नसल्यामुळे दोन्ही मिटले.

मोनालीने जाता जाता हळूच सांगितलं, "आबा, आणलंत तर आधी उकडून घ्या बरं. म्हणजे फुटणार नाही." सल्ला लाखमोलाचा होता. पण उकडायचं कशात? आबांनी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एकेका भांड्याचा विचार केला. दुधाचं पातेलं नको. आमटीचं नको. कढईत कुंदाबाई पुऱ्या तळतात. आख्ख्या घरात आबांच्या हक्काचं भांडं म्हणजे दाढीचा मग, आणि तोही ठेवायचा कुंदाबाईंच्याच गॅसवर. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की उकडलेलं काय आणि कच्चं काय, वरून दोन्ही सारखीच दिसतात. रंग तर वरूनच द्यायचा आहे.

गुरुवारी सकाळी योगराजचं पोट नेमाने दुखलं. आबा म्हणाले, राहू द्या आज शाळा, मी याला मळ्यात फिरवून आणतो. दोघं एसटीने रावेरला गेले. मळा आता बिजला आणि मोगराबाई राखतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचं हे जोडपं वर्षानुवर्षं आबांच्या केळीत झोपडी करून राहतं. मोगराबाईच्या कोंबड्या केळीच्या सरींतून हिंडत असतात. आबा त्यांच्याकडे आजवर कौतुकाने बघायचे, पण लांबूनच.

आबा आधी पाणी प्यायले. घडांची चौकशी केली. ऊन फार आहे म्हणाले. मग इकडे तिकडे बघून, आवाज अगदी खाली आणून बोलले, "मोगराबाई, एक अंडं पाहिजे होतं."

मोगराबाईने थापलेली भाकर तशीच हातात धरली. बिजलाने विडी विझवली आणि तो उठून उभा राहिला.

"तुमले, आबा?"

"खायाले नई." आबांनी माळेला हात लावला. "खायाचं बी नई आन फोडायचं बी नई. या पोराले पाहिजे. पन असं पाहिजे का शाळेत सगळ्याहून भारी दिसलं पाहिजे."

आता मोगराबाईच्या जागी दुसरं कोणी असतं तरी काय समजलं असतं? अंडं खायचं नाही, फोडायचं नाही, पोराला हवं आहे. मग अंड्याचं एकच काम उरतं. तिच्या तोंडावर हसू पसरलं.

"समजनं, आबा. समजनं," ती म्हणाली.

झोपडीच्या कोपऱ्यात मोडक्या टोपल्यात एक ठिपक्यांची कोंबडी पसरून बसली होती. मोगराबाईने तिच्या पोटाखाली हात घातला. कोंबडीने शिव्या दिल्या. मोगराबाईने एक अंडं काढून उन्हात धरलं, कानाला लावलं, परत ठेवलं. दुसरं काढलं, तेही ठेवलं. तिसरं कानाला लावल्यावर तिची मान डोलली.

"हाई घ्या. एकदम तयार शे. गरम ठेवा बरं, आबा. थंड नको होवाले."

आबा खूश झाले. माल असाच निवडायचा असतो, उचलून, उजेडात धरून, कान देऊन. आणि गरम ठेवा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. केळीला रंग चढायला ऊब लागते. अंड्याला वेगळं काय लागणार? निघताना मोगराबाईने फडक्यात मूठभर कण्या बांधून दिल्या. "बारीक करीसन द्या," ती योगराजच्या गालाला हात लावून म्हणाली. रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून दिल्या असतील, असं आबांना वाटलं. योगराजला वाटलं, अंड्यावर चिकटवायला दिल्या.

शुक्रवारी सुट्टी होती. कुंदाबाई गच्चीवर बिबडे घालत होत्या. आजोबा आणि नातू बाथरूममध्ये शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. योगराजचे खडू अंड्यावर उमटेनात, तेव्हा आबांनी डब्यातली हळद, देव्हाऱ्यातलं कुंकू आणि कपड्यांची नीळ असा सरंजाम गोळा केला होता. ब्रश म्हणून योगराजचा जुना टूथब्रश. आबांनी पालथ्या बादलीवर बैठक मारली, अंडं रुमालाच्या घडीत धरलं आणि आधी सगळ्या अंगाला हळद लावली. नवरदेवाला लावतात तशी, गालाला जरा जास्त.

"आता काय काढायचं?" त्यांनी विचारलं.

"डायनासोर."

"ते काय असते?"

"मोठी पाल."

"पाल कोन काढते? आपन केळीचं झाड काढू."

बरीच घासाघीस झाली. शेवटी एका बाजूला डायनासोर आणि दुसऱ्या बाजूला केळीचं झाड, असा समझोता झाला. हिरवा रंग नव्हताच. पण योगराजने नीळ घेतलेला ब्रश चुकून हळदीत बुडवला आणि हिरवा झाला. जगात हिरवा रंग आपण शोधून काढला अशा आनंदात त्याने आधी अंड्यावर डायनासोर काढला, मग स्वतःच्या गुडघ्यावर काढला, मग आबांच्या धोतरावर, आणि उरलेला रंग नाकाला लावला. डायनासोरला दात हवेत म्हणून मोगराबाईच्या कण्या डिंकाने चिकटवल्या. मोनालीच्या जुन्या ओढणीवरच्या टिकल्या उचकटून वर लावल्या. मध्ये एकदा अंडं निसटलं. पण आबांचं अर्धं आयुष्य घड खाली पडू न देण्यात गेलेलं. त्यांनी ते धोतराच्या झोळीत अलगद झेललं.

"बटाटा रंगवायले एवढा वेळ लागते का?" बाहेरून कुंदाबाईंनी दार वाजवलं.

"मोठा बटाटा हाये," आबा म्हणाले.

योगराजला एवढं हसू आलं की तो बादलीत तोंड घालून हसला. किती तरी दिवसांनी पोरगा असा खदखदून हसत होता. आबांनी तेव्हाच ठरवलं, हे अंडं शाळेपर्यंत धडधाकट जाणार म्हणजे जाणार.

पण ठेवायचं कुठे? आदली रात्र आबांच्या बंडीच्या खिशात निघाली होती, आता तिथे रंग पुसला गेला असता. कुंदाबाईंची नजर जात नाही अशी घरात एकही जागा नाही. कपाट त्यांचं, माळा त्यांचा, गाद्यांच्या घड्या रोज त्या झटकतात. आबांनी खूप विचार केला आणि शेवटी आपला पांढरा बागायती रुमाल घेतला. टाळूवर कापसाची चुंबळ ठेवली, तिच्यावर अंडं, आणि वरून रुमाल असा बांधला की जसा काही उन्हाचा बंदोबस्त. सुरक्षितही झालं आणि गरमही राहिलं. जळगावच्या उकाड्यात, टक्कल पडलेल्या डोक्यावर. कोंबडीने तरी आणखी काय केलं असतं?

तो दिवस आबांनी ताठ मानेने काढला. जेवताना घास तोंडापर्यंत आला, तोंड घासापर्यंत गेलं नाही. संध्याकाळी देवाला नमस्कार करायची वेळ आली तेव्हा ते देव्हाऱ्यापुढे उभे राहिले, हात जोडले आणि गुडघ्यातून सरळ खाली गेले, विहिरीत पोहरा सोडावा तसे. मग तसेच वर आले.

"देवापुढं मान वाकवायले काय झालं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मान धरली."

"आन घरात रुमाल?"

"ऊन लागलं."

कुंदाबाईंनी मानेला तेल चोळलं आणि पन्हं करून दिलं. आबा ते मान न हलवता प्यायले आणि बायकोचा एवढा चांगुलपणा आपण फसवून घेतोय याचं त्यांना वाईटही वाटलं. पण समोर योगराज हाताची घडी घालून त्यांच्या डोक्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. त्यांनी ग्लास रिकामा करून खाली ठेवला आणि रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपले.

शनिवारी सकाळी आबांना डोक्यात ठोके ऐकू यायला लागले. टक. मग थोडं थांबून पुन्हा टक. बीपी चढलं असणार म्हणून त्यांनी गोळी घेतली. ठोके थांबले नाहीत. रुमाल सोडून बघितलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण एकदा पॅकिंग झालं की माल पोचेपर्यंत उघडायचा नाही, हा त्यांचा जन्मभराचा नियम. रावेरहून गेलेली पेटी कोणी वाटेत उघडून बघतं का?

रिक्षात कुंदाबाई एका बाजूला, आबा दुसऱ्या बाजूला, मध्ये योगराज. शाळेच्या वळणावर बारीक आवाज यायला लागला, चिव चिव चिव.

"तुह्या चाकाले तेल दे रे बापा," आबा रिक्षावाल्याला म्हणाले.

रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली. आवाज थांबला नाही.

"तुमच्या डोक्यातून यू राह्यला," कुंदाबाई म्हणाल्या.

"ऊन लागलं म्हन्लं ना."

"ऊन लागल्यावर डोकं चिवचिव करते का?"

शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबल मांडलं होतं. प्लास्टिकची अंडी होती, थर्माकोलची होती, उकडून चकचकीत रंगवलेली होती. एकाच्या वडिलांनी पुण्याहून चॉकलेटचं मागवलं होतं, त्याचं वाटेतच सरबत झालं होतं. योगराज दारात दिसताच मागून कोणीतरी ओरडलं, "केळ्या आला!" पोराने आबांचं धोतर घट्ट धरलं.

कामिनी मिसनी त्यांना टेबलाशी बोलावलं. आबा ताठ चालत गेले, बरोबर आणलेला केळीच्या पानाचा तुकडा जमिनीवर अंथरला, खाली बसले आणि सगळ्यांसमोर डोक्यावरचा रुमाल सोडायला लागले. आजी-आजोबांच्या खुर्च्यांवर कुजबुज झाली. रुमालातून कापूस निघाला, कापसातून अंडं. ते पिवळं होतं, टिकल्यांनी भरलेलं, एका बाजूला कण्यांचे दात असलेली हिरवी पाल.

"हा बटाटा हाये?" मागून कुंदाबाईंचा आवाज आला. आबांनी वळून बघितलं नाही.

"ए, अंड्याला हळद लावली!" एक मुलगा म्हणाला आणि हसला. एक हसला म्हणून दुसरा हसला, आणि मग सगळा वर्ग. तेवढ्यात डायनासोरचा जबडा दातांसकट निखळून पानावर पडला.

"आबा," योगराज म्हणाला. "फुटलं." हसणं आणखी वाढलं.

आबांना वाटलं, आता जमीन दुभंगेल आणि आपल्याला पोटात घेईल तर बरं. पहिल्यांदा पोराला खायला दिलं, आता हसायला दिलं. त्यांनी अंडं झाकायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

जिथे डायनासोरचा जबडा होता तिथून एक चोच बाहेर आली होती.

हसणाऱ्यांच्या माना पुढे आल्या. चोच आत गेली, पुन्हा आली. "ते हलतंय," कोणीतरी कुजबुजलं. कामिनी मिस दोन पावलं मागे सरकल्या. मुलं टेबलावर चढायला लागली, मुख्याध्यापक मोबाइल काढून धावले, आबा तोंड उघडं टाकून बसून राहिले. मोगराबाई का हसली होती, कण्या का दिल्या होत्या आणि आपलं बीपी का चढलं होतं, हे सगळं त्यांना एकाच वेळी कळलं.

त्या गोंधळात गर्दी बाजूला सारून कुंदाबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा रागाने लाल होता, पण गायी-म्हशींच्या घरात वाढलेली बाई ती. व्यायची वेळ आली की रागलोभ बाजूला ठेवायचा आणि गर्दी हटवायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

"पंखा बंद करा," त्या म्हणाल्या. "दार लोटा. पोरांनो, खाली बसा मांडी घालून. कोनी बोलायचं नई. तुमीबी बसा." हे शेवटचं मुख्याध्यापकांना होतं. तेही बसले.

अख्खी शाळा मांडी घालून बसली. केळीचं झाड मधोमध चिरलं, टिकल्या घरंगळल्या आणि ओलं, काडीसारख्या पायांचं, डोळे चिकटलेलं पिल्लू पानावर आडवं झालं. डोक्यावर एक टिकली तशीच राहिली होती. कुंदाबाईंनी पदर पुढे केला आणि त्याला उचलून घेतलं.

"अरे, तू हे कसं केलंस?" हळदीवरून हसलेल्या मुलाने योगराजला विचारलं.

"मी रंगवलं. आबांनी डोक्यावर ठेवलं."

मुलाने आबांकडे नीट बघितलं. "तुझे आबा कोंबडी आहेत?"

योगराजने विचार केला. "थोडे थोडे," तो म्हणाला.

या वेळी सगळे हसले, आणि त्यांच्याबरोबर योगराजही हसला. मुलं त्याला खेटून बसली. हात लावू का, हे ती त्याला विचारत होती, मिसना नाही. फडक्यातल्या उरलेल्या कण्यांचं गाठोडं आबांनी खिशातून काढून त्याच्या हातात दिलं. टेबलाच्या मधली जागा कोणाची, हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही.

"याचं नाव काय ठेवायचं?" कामिनी मिसनी विचारलं. चारी बाजूंनी नावं आली. टायगर, पिकाचू, डायनासोर. मिस म्हणाल्या, ज्याचं पिल्लू त्याने ठेवायचं. योगराज पिल्लाकडे बघत राहिला. ते वाळत चाललं होतं, फुगत होतं आणि हळदीसारखं पिवळंधमक दिसायला लागलं होतं.

"केळ्या," तो म्हणाला.

वर्गात एक केळ्या आधीच होता. एका मुलीला तो पेच पडला आणि तिने विचारलं, "मग तुला काय म्हणायचं?"

"योगराज," योगराज म्हणाला.

आबांनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. ऊन लागलं म्हणायला आता काही सोय नव्हती, आणि गरजही नव्हती.

परतीच्या रिक्षात कुंदाबाई पिल्लू पदरात झाकून बाहेर रस्त्याकडे बघत बसल्या. घरी आल्यावर त्यांनी पिल्लू योगराजच्या ओंजळीत दिलं आणि दारामागची पिशवी काढली. आबा घाईघाईने पुन्हा चपला घालायला लागले.

"चूक झाली माही," ते म्हणाले. "पाचोऱ्याची गाडी… मी सोडाले येतो."

कुंदाबाईंनी पिशवीतून दोन पातळं काढून कपाटात ठेवली, चष्म्याची डबी खिडकीत ठेवली, बिबड्यांचं पुडकं डब्यात रिकामं केलं. रिकाम्या पिशवीच्या तळाशी आबांचा रुमाल घडी करून घातला आणि पिशवी कोपऱ्यात उभी केली.

"कोन चालली पाचोऱ्याले?" त्या म्हणाल्या. "मी अंड्याचं म्हन्लं होतं. हे लेकरू हाये. आना इकडी त्याले."

आता रुमाल पिल्लाचा झाला आहे. आबांनी तो डोक्याला बांधला की ते पायांशी येऊन आकांत करतं, म्हणून आबा उन्हातसुद्धा उघड्या डोक्याने हिंडतात आणि ते त्यांच्या मागोमाग. सगळं पिंप्राळा बघतं. मोठं होऊन ती कोंबडी निघाली तर काय, हा विषय आबांनी घरात अजून काढलेला नाही.

त्या शनिवारनंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी मोनाली सवयीने ओव्याची पूड घेऊन आली. योगराज जमिनीवर बसून स्वतःच मोजे घालत होता, एक उलटा, एक सुलटा. पिशवीत तोंड घालून तो पिल्लाला सांगत होता की शाळेतले सगळे केळ्या कसा आहे ते विचारणार आहेत, तेव्हा नीट खा.

"पोट दुखतंय का रे?" मोनालीने विचारलं.

"कोणाचं?" योगराज म्हणाला, आणि बूट शोधायला गेला.